बॅटरी काढून ठेवली होती

माझं दुकान जळगावात आहे, औद्योगिक वसाहतीच्या वळणावर, एक टायरवाला आणि एक रसवंती यांच्या मध्ये. पाटी होती, ती एका वादळात उडाली, आणि नवी लावायचा मला कंटाळा आला. तरी लोक येतात. हातात मेलेलं ड्रिल मशीन घेऊन दारात उभे राहतात, आत एक चष्मेवाली बाई बघतात आणि विचारतात, "मॅडम, मिस्तरी कुठे आहे?" मी म्हणते, "जेवायला गेलाय." आणि त्यांच्यासमोरच मशीनचे स्क्रू काढायला घेते. चौथा स्क्रू निघेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटत जातं, ते बघण्याची चैन मी इतकी वर्षं केली. हल्ली तीही फारशी होत नाही. हल्ली मी सरळ सांगते, मिस्तरी मीच, बसा.

थकवा येतो त्याचं कारण मशीन नाही, माणसं आहेत. दीपनगरचे एक साहेब बॅटरी गाडीच्या पुढच्या काचेमागे ठेवतात, मे महिन्यात, आणि ती फुगली की माझ्याकडे आणून विचारतात, "कंपनीचा माल खराब झालाय का हो हल्ली?" साक्रीकडचा एक जण पावसात भिजलेलं मशीन चुलीजवळ वाळवून आणतो. एकाने बॅटरीचं कवच फोडून आत स्वतःच सोल्डरिंगचा डाग दिला होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून. मी ती पुढ्यातून उचलली, बाहेर वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली आणि त्याला म्हटलं, "दादा, घरी देवाला नारळ फोडा. तुम्ही जिवंत आहात." तो हसला. सगळेच हसतात. माझ्या बोलण्यात नाटक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मी खरं बोलते तेव्हा फार अडचण होते. ही अडचण जुनी आहे. ती धुळ्याची, आमच्या घरातली आहे.

आमचं घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे संसार. कारखाना हा शब्द नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. प्रत्यक्षात ती पत्र्याची एक लांबट शेड होती, तिच्यात सागाच्या आणि प्लायवूडच्या फळ्या उभ्या, जमिनीवर घोट्याइतका भुसा, आणि त्या भुशाचा वास आमच्या भाकरीलासुद्धा. सकाळी रंध्याचा आवाज सुरू झाला की आई चूल पेटवायची. लांब, ओढलेला, मधेच अडखळणारा आवाज. तो अडखळला की आई आतून म्हणायची, "गाठ लागली." नानांच्या हातातली फळी न बघता तिला कळायचं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि बुधवारी शेवभाजी, कारण बुधवारी आईला भाजी निवडायचा कंटाळा यायचा. तिला सगळ्याचाच कंटाळा यायचा, पण ती तो आठवडाभर नीट वाटून घ्यायची. घरात आणखी अक्का होती, नानांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर साक्रीकडचं सासर सोडून आली ती कायमची. घरात आम्ही सगळेच अहिराणी बोलायचो. इथे मी इतरांचं बोलणं पुस्तकी करून लिहिते आहे, पण अक्काचं तसंच ठेवते. तिला प्रमाण मराठीत बोलायला लावलं तर ती आहे तिथून उठून येईल आणि माझा कान धरील.

आणि सहा वर्षांनी मस्कतहून परत आलेला माझा भाऊ, सुनील. मी त्याला दादा म्हणायचे. तो गेला तेव्हा मी दोन वेण्यांची होते, आला तेव्हा कॉलेजात. त्याने आईला घोंगडीएवढं ब्लँकेट आणलं, अक्काला अत्तर, मला एक घड्याळ, आणि नानांसाठी एक निळी पेटी. पेटीत वायर नसलेलं ड्रिल मशीन, दोन बॅटऱ्या, एक चार्जर. नानांनी पेटी उघडली, मशीन हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि विचारलं, "हे चावीवर चालतं का?"

दादा म्हणाला, "बॅटरीवर."

"म्हणजे बॅटरी संपली की सुतार संपला."

त्या वर्षांत आमच्याकडे लाइट जाण्याचं वेळापत्रक असायचं, आणि ते सोडून इतर वेळीही लाइट जायचे. नानांकडे वायरचं ड्रिल होतं, ते निम्मा दिवस खुंटीला टांगलेलं असायचं. लाइट गेले की नाना गिरमिट काढायचे, लाकडी मुठीचं, आणि छाती टेकवून एकेक भोक पाडायचे. दादाचं मशीन लाइट गेल्यावरही चालायचं. एवढ्यावरून कोणीही ते डोक्यावर घेतलं असतं. पण नानांना ते मशीन नको होतं असं नव्हे. मशीनबरोबर आलेले नियम नको होते. दादा मस्कतला ज्या कंपनीत होता तिथे एक मलबारी फोरमन होता. त्याने म्हणे पहिले पंधरा दिवस दादाच्या हातात मशीन दिलंच नाही, नुसते नियम म्हणवून घेतले. ते नियम आता आमच्या शेडमध्ये आले. बिट, म्हणजे पुढचं भोक पाडायचं पातं, बदलायचा असेल तर आधी बॅटरी काढा. मशीन खाली ठेवायचं असेल तर दिशा बदलायचं बटण मधोमध आणा, म्हणजे घोडा दाबला तरी चालत नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. चार्जर पत्र्याखाली तापत ठेवू नका. बॅटरी खिळ्यांजवळ नको. सैल बाही नको, डोळ्याला चष्मा हवा.

नाना तोंडात चार खिळे धरून हे ऐकायचे आणि खिळ्यांमधूनच म्हणायचे, "लग्न करून आणलंय की मशीन आणलंय?"

माझी चंगळ होती. मी मस्कतच्या फोरमनची नक्कल करायचे. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याने अडचण आली नाही. कमरेला आईचा पंचा गुंडाळायचा, नाकावर दादाचा चष्मा, आणि हिंदीत सगळे नियम म्हणायचे, शेवटी "समझा क्या?" आई पदरात तोंड लपवून हसायची. अक्का म्हणायची, "हाई पोर काय करी ऱ्हायनी वं!" दादाही हसायचा, पण माझं म्हणून झालं की तो हळूच एखादा सुटलेला नियम सांगायचा. अशा रीतीने ते सगळे नियम मला त्या घरात सर्वांत आधी पाठ झाले. म्हणून बॅटऱ्यांचं खातं माझ्याकडे आलं. लाइट आले की चार्जरला लावायची, हिरवा दिवा लागला की काढायची, कोरड्या ब्रशने मशीनच्या जाळीतला भुसा झाडायचा.

चुका व्हायच्याच. एकदा नानांनी बॅटरी सवयीने खिळ्यांच्या पिशवीत टाकली आणि पिशवी खुंटीला लावून जेवायला बसले. दोन घास होतात तोच शेडमधून जळका वास. पिशवीला भोक पडलं होतं आणि आतले खिळे इतके तापले होते की नानांनी हात घातला आणि काढला. ते ताटावर येऊन बसले, वरणात बोटं बुडवली. दुसऱ्यांदा आईने केलं. दिवसभर चाललेली बॅटरी तिने हातात घेतली आणि तिला वाटलं, हिला ऊन लागलंय. आमच्याकडे ऊन लागलेल्या माणसाला जे करतात ते तिने केलं. ओला पंचा गुंडाळला आणि माठाच्या तिवईखाली ठेवली. दादाला ती सापडली तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. आई म्हणाली, "अरे, अंग किती तापलं होतं तिचं!" बॅटरी त्यातून वाचली. मी आज हे गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा ते हसतात, आणि मग आपापल्या घरचं सांगतात, आणि मग मी हसत नाही.

हे सगळं चाललं होतं ते एका मुदतीत. नानांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं, "खंडेनवमीपर्यंत बघतो. तुझी पद्धत या शेडमध्ये बसली तर बस. नाही बसली तर तुझी पेटी उचल, मस्कत कुठे गेलेलं नाही." गल्ली नंबर सहामधल्या एका मारवाडी शेठजींच्या कापड दुकानाचं काम तेव्हा हातात होतं, भिंतभर फळ्यांचे कप्पे, दिवाळीच्या आत हवे होते. दादाने ते लाइट नसताना मशीनवर पुढे ओढलं. शेठजी एकदा बघायला आले आणि नानांना म्हणाले, "नानासाहेब, मुलगा तो कामाचा आला!" नाना म्हणाले, "मशीन कामाचं आहे." पण त्या रात्री जेवताना त्यांनी दादाच्या ताटात स्वतःहून भाकरी वाढली. आईने ते बघितलं, मी बघितलं. दुसऱ्या दिवशी आई मोरीत भांडी घासताना मला म्हणाली, "संगे, तू त्याच्या मागे राहा. काही चुकू देऊ नको. हा परत गेला तर मला आता सहा वर्षं मोजवणार नाहीत." एवढंच म्हणाली आणि कढई उलटी करून तिचं बूड घासायला लागली. आई तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. मला ती म्हातारी वाटायची.

मग खंडेनवमी आली. सुताराच्या घरात हा दिवस दसऱ्यापेक्षा मोठा. सगळी हत्यारं आदल्या दिवशी घासूनपुसून, तेल लावून ठेवायची, सकाळी पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू, झेंडू, लाल नाडा, आणि त्या दिवशी कोणी हत्याराला कामाचा हात लावायचा नाही. शेडमधला भुसा वर्षातून एकदा पूर्ण निघायचा तो तेव्हा. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर चढत होतं, आतून खापरावरच्या पुरणपोळीचा वास येत होता, आईच्या कपाळावरून घाम थेट पोळीच्या दिशेने निघालेला, आणि ती मनगटाने तो मधेच अडवत होती. दादाने रंधे, करवती, पटाश्या ओळीने मांडल्या. शेवटी मशीन. त्याने बिट काढला, बॅटरी काढली, बटण मधोमध केलं, आणि मशीन, बॅटरी, बिट या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाटावर ठेवल्या. मग मला म्हणाला, "मी आंघोळ करून येतो," आणि गेला.

अक्का ताट घेऊन आली. सगळ्या पाटावर तिची नजर फिरली आणि मशीनवर थांबली.

"हाई काय शे?"

"मशीन आहे अक्का. दादाने बॅटरी काढून ठेवली."

"देवपुढे मोडेल वस्तू ठेवतस का?" अक्का म्हणाली. तिच्या हातातलं ताट किंचित हललं. "मुंडकं एकीकडे, धड एकीकडे. नवमीना दिवस शे. खंडित वस्तूले मी कुंकू लावाऊ नही."

मी म्हटलं, "अक्का, ते तसंच ठेवायचं असतं."

"तुना भाऊनं हत्यार तू खंडित ठेवस, आणि वरीस चांगलं जाई?"

हे वाक्य बरोबर जागी बसलं. वर्ष चांगलं जायला हवं होतं. दादा राहायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर, त्याहून लहान एक कारण होतं: अक्काला मशीन जोडता येत नव्हतं आणि मला येत होतं. मी पाटासमोर मांडी घालून बसले. बॅटरी सरकवली, ती खट्ट करून बसली. तो आवाज मला फार आवडायचा. नानांचा आवडता मोठा चपटा बिट चकमध्ये, मशीनच्या तोंडात, घातला. तो घट्ट करायला चक फिरवावा लागतो, म्हणून मधोमध असलेलं बटण मी एका बाजूला सरकवलं आणि घोडा हळूच दाबला. मशीन गुरगुरलं. अक्का एक पाऊल मागे सरली आणि खूश झाली. "बोलस वं हाई!" मी फोरमनच्या आवाजात म्हटलं, "समझा क्या?" आणि मशीन पाटावर ठेवून फुलं आणायला उठले. आरती झाली की बॅटरी काढून ठेवू, दादाला कळायच्या आत. बटण परत मधोमध करायचं मी विसरले. नंतर हजारदा मी तिथे परत बसून ते बटण मधोमध केलं आहे.

दादा ओल्या केसांनी आला तेव्हा आरती सुरू झाली होती. नाना मध्ये, घंटा त्यांच्या डाव्या हातात. कापराचा धूर, उन्हाची पट्टी, पाटावर झेंडूचा ढीग, त्या ढिगाखाली सगळीच हत्यारं अर्धी झाकलेली. आरती झाली. अक्का नाडा बांधू लागली. रंध्याला दोन वेढे, गाठ. करवतीला दोन वेढे, गाठ. मग मशीन. तिने मुठीभोवती नाडा घेतला, जिथे बांधायला सोपं तिथेच, म्हणजे घोड्यावरून. पहिला वेढा पडला आणि मशीन पाटावरच गुरगुरलं. अक्का दचकली. दचकलेला माणूस हातातलं सोडत नाही, ओढतो. तिने नाडा ओढला. घोडा पूर्ण दाबला गेला.

झेंडूची माळ आधी गेली. ती बिटभोवती गुंडाळली गेली आणि केशरी पाकळ्यांचा पाऊस पडला, आणि मला आठवतं, क्षणभर मला ते सुंदर वाटलं. मग अक्काचा पदर गेला. अक्का पुढे ओढली गेली, तोंडावर, पाटाकडे. आणि नानांनी हात घातला. त्यांच्या सगळ्या हत्यारांना एकच कायदा होता, हाताने धरलं की थांबायचं. गिरमिट थांबतं, करवत थांबते. त्यांनी उजव्या हाताने फिरता बिट धरला.

दादा माझ्या खांद्यावरून गेला. त्याने बिटाला हात लावला नाही, पदराला नाही, नानांना नाही. बॅटरीच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबल्या आणि बॅटरी उपसून काढली. आवाज बंद झाला. मग आईच्या हातातून उलथनं पडल्याचा आवाज आला.

नानांच्या अंगठ्याच्या मुळाशी तळवा उघडला होता. आईने हळदीचा डबा आणला, दादाने तो बाजूला सारला, स्वच्छ धोतर फाडून घट्ट गुंडाळलं, हात वर धरायला लावला आणि रिक्षा आणली. डॉक्टरांनी टाके घातले. अंगठा हलेल म्हणाले, पण तीन आठवडे या हाताने काही उचलायचं नाही. अक्काला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती भिंतीला टेकून बसली, फाटका पदर मांडीवर घेऊन, आणि त्याच्या सुरकुत्या काढत राहिली.

दुपारी घरी आल्यावर नाना खाटेवर बसले. पुरणपोळ्या झाकलेल्या, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. नाना दादाला म्हणाले, "सहा महिने नियम सांगितलेस. बॅटरी काढा, बॅटरी काढा. आज देवासमोर तुझीच बॅटरी लागलेली होती."

"मी काढून ठेवली होती नाना."

"मग काय देवाने लावली?"

दादाने माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्याला कळलेलं होतं, घरात तो आणि नाना सोडून बिट घट्ट करता येणारं कोण होतं? त्याने नजर वळवली.

"पेटी भर," नाना म्हणाले. "पेटी आणि तू."

मी बोलायला हवं होतं. मी तिथेच, दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मी अक्काकडे बघितलं, अक्का पदराकडे बघत होती. मी आईकडे बघितलं आणि मला तिची मोरीतली कढई आठवली, आणि मी चौकटीला धरूनच राहिले. संध्याकाळी दादा निळ्या पेटीवर बसून कपड्यांची बॅग भरत होता. मी त्याच्याजवळ गेले, तर म्हणाला, "माझा बनियन तिथे दोरीवर आहे, देतेस?" मी दिला. त्याने तो घडी घालून ठेवला. एवढ्या हळू घडी घातली की मला वाटतं, त्याला मी बोलेन याची वाट बघायची होती.

दसऱ्याच्या सकाळी मी बोलले. आई, अक्का, दादा सगळे होते, नाना डाव्या हाताने चहा पीत होते. मी मधे उभी राहिले आणि म्हटलं, "बॅटरी मी लावली होती. बिट पण मीच लावला. दादाने सगळं काढून ठेवलं होतं."

नानांनी कप खाली ठेवला. "झालं का? आता पंचा गुंडाळ आणि चष्मा लाव."

"नाना, खरंच."

"भावासाठी चाललंय हे मला कळतं. चांगलं आहे. पण आज नाटक नको. माझा हात ठणकतोय."

मी रडायला लागले, तर ते म्हणाले, "हे पण छान करतेस." तसा घाव मी आजवर कुठल्या यंत्राकडून खाल्लेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सोंगाशिवाय उभी होते आणि समोरचे लोक टाळ्या वाजवायची तयारी करत होते. मी धावत जाऊन पेटी उघडली, मशीन आणलं, बॅटरी लावून दाखवली, बटण सरकवून दाखवलं, काढून दाखवली. "अशी लावली. हे बटण असं केलं. ते मी परत मधे आणलं नाही. मी विसरले." बॅटरी दोनदा वाकडी बसली. नाना बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

तेव्हा भिंतीकडून अक्काचा आवाज आला. "खोटं नही बोलत ती."

सगळे वळले. अक्काने पदर डोक्यावर घेतला, नीट, कोणी पाहुणा आल्यासारखा.

"मीच सांगं तिले. खंडित वस्तूले कुंकू लावाऊ नही म्हनं. ती नही म्हनत होती. मी ऐकं नही. दोरा बी मीच बांधा." ती थांबली. "कालपास्नं सांगस सांगस करी ऱ्हायनू, पन तू धाकला भाऊ शे मना. तुनासमोर तोंड उघडाले लाज वाटे."

बाहेर गल्लीत कुणाच्या तरी घरी पोरं आपट्याची पानं घेऊन आली होती, त्यांचा गलका. मग दादा म्हणाला, "लावली कोणी ते सोडा. आंघोळीहून आल्यावर मी पाटाकडे परत बघितलं नाही. ते मी बघायला हवं होतं. मस्कतला फोरमनने त्याबद्दल मलाच घरी पाठवलं असतं." आई म्हणाली, "तू एकदा घरी आलायस, पुरे झालं." आणि रडली, आणि चहा गाळायला गेली.

नानांनी मात्र कोणालाही माफ केलं नाही, कोणाला रागावले नाहीत, बॅग उघड असंही म्हणाले नाहीत. आपला बांधलेला हात उचलून त्यांनी तो उलटासुलटा बघितला. दादा उठला, दोन्ही बॅटऱ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "मी असेपर्यंत या तुझ्याकडे. कोणीही मागितली तर आधी विचारायचं, काम काय, हात कोणाचा." त्याचं परवाचं मुंबईच्या गाडीचं तिकीट देवघराच्या फळीवर होतं. ते आम्ही सगळे दिवसभर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा निरोप आला, कप्प्यांचं काम कुठवर. सकाळी अकराच्या सुमाराला लाइट गेले. मी ओट्यावर बसून मेथी निवडत होते, बॅटऱ्या माझ्या शेजारी, फडक्यात. नाना आले. डाव्या हातात मशीन होतं, उजवा हात छातीशी.

"दे गं बॅटरी."

"काम काय?"

ते बघतच राहिले. "भोक पाडायचंय. एक."

"हात कोणाचा?"

"संगे."

"नाना, टाके निघेपर्यंत नाही." माझा आवाज किती बारीक निघाला होता ते मला आजही ऐकू येतं. "डाव्या हाताने मशीन आवरत नाही. बिट अडकला की मनगट पिळतं. मी देणार नाही."

आई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. आमच्या घरात नानांना कोणी नाही म्हणत नसे. शेजारीही म्हणत नसत. मला वाटलं, आता हात उठेल, आणि तो डावा असेल. नाना माझ्याकडे बघत राहिले, मी मेथीच्या काड्यांकडे. चेहऱ्यावर कसलंही सोंग आणायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती, आणि बहुतेक ते त्यांना दिसलं. त्यांनी मान वळवली आणि मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "सुन्या! ए सुन्या!"

दादा बाहेर आला.

"ही मला बॅटरी देत नाही," नाना म्हणाले. तक्रार होती ती, पण कोणाकडे करायची तेही त्यांना आता ठाऊक झालं होतं. "मग तूच पाड ते भोक. मी खूण करून देतो."

त्यांनी मशीन त्याच्यापुढे धरलं. दादाने माझ्याकडे हात केला. मी विचारलं, "काम काय?" आणि तो म्हणाला, "फळीला भोक. हात माझा." मी बॅटरी दिली. शेडमध्ये नानांनी डाव्या हाताने पेन्सिलची वाकडी खूण केली, दादाने चष्मा लावला, मशीन फिरलं, फळीतून भुशाची बारीक वेटोळी बाहेर पडली. भोक पडलं. दादाने बॅटरी काढली आणि दारात उभ्या असलेल्या मला परत द्यायला वळला.

"ती कुठे देतोस?" नाना म्हणाले. "अजून एकोणचाळीस आहेत."